पाटीवरचं बोलणं

गुवाहाटीच्या कॅन्सर इस्पितळात जुनमोनीला खगेन पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो आरशाकडे पाठ करून बसला होता. घशाचं ऑपरेशन झालेल्यांना घरी सोडण्याआधी मानेतली नळी साफ करायला तिथे शिकवायचे. जुनमोनी वडिलांसाठी, तिच्या देउतांसाठी, आली होती. खगेनसाठी कुणीच आलं नव्हतं.

“याची नळी आज तू धुशील?” सिस्टरने तिला विचारलं.

तिने त्याच्या मानेतल्या छिद्रातून आतली नळी अलगद काढली, ब्रशने घासली. आवाज गेलेल्या खगेनने लिहायची पाटी ओढली. ‘हात तुझे थरथरतायत. घाबरायचं मी ना?’

“मग घाबरा की.”

‘घाबरलोय. ओरडता येत नाही एवढंच.’

ती हसली... आणि हसले म्हणून ओशाळली. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

खगेन माजुली या नदीतल्या बेटाच्या फेरीबोटीवर कामाला होता. पोहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चौथ्या दिवशी सिस्टरने बजावलं, “आता नदीत उतरायचं नाही. छिद्रातून पाणी थेट फुप्फुसात जातं.” त्याने पाटी पालथी घातली. दिवसभर एक अक्षर लिहिलं नाही.

“भांडा तरी माझ्याशी,” संध्याकाळी जुनमोनी म्हणाली.

‘पाण्याशिवाय मी काय करू?’

छिद्रातून कोरडी हवा जाऊ नये म्हणून तिने ओलं फडकं त्याच्या गळ्यावर बांधलं. गाठ बसली तरी बोटं तिथेच राहिली — फडक्यातून त्याचा ऊन श्वास तळहाताला लागत होता. त्याने डोळे मिटून घेतले.

घरी सोडण्याच्या दिवशी त्याने आरसा समोर घेतला आणि स्वतःच्या हाताने नळी बसवली. मग बाहेरच्या बाकावर येऊन लिहिलं, ‘देउतांना तपासायला परत कधी आणणार?’

“सतरा तारखेला. तुम्ही?”

‘सतराच.’

“तुमच्या कागदावर वीस आहे. मी वाचलंय.”

‘बदलून घेतली.’

जुनमोनी पदराशी चाळा करत राहिली. त्याने पाटी पुसली, बराच वेळ लिहिलं. ‘डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं गेल्याशिवाय काही सांगता येत नाही. माझ्यात जीव गुंतवू नकोस.’

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं,” ती हळूच म्हणाली. “आता उशीर झालाय.”

त्याची बस यायला अजून तासभर होता. पाटी तिने आपल्या मांडीवर घेतली. वडिलांना आत दूध द्यायची वेळ होत आली होती, तरी ती उठली नाही.