उतरायचंय!

"उतरायचंय!" मी खणखणीत ओरडले, तसा शेजारचा मुलगा दचकला. ड्रायव्हरने नेहमीसारखा एक हात वर केला आणि मिनीबस थांबली.

"बरं झालं तुम्ही ओरडलात," तो पुटपुटला. "काल मी दोन स्टॉप पुढे गेलो. परवा तीन."

"का? मुके आहात?"

"शब्द येतो हो... पण सगळ्यांसमोर ओरडायचं कसं?"

हाँगकाँगात न ओरडता मिनीबसमधून उतरू पाहणारा हा पहिलाच महाभाग! नाव सुवास राई, मूळचा नेपाळातल्या धरानचा. सहा वर्षं बांबूच्या परांच्या बांधल्या आणि आता आमच्याच इस्पितळात मदतनीस, तोही तीन आठवड्यांच्या बोलीवर. शेवटच्या शनिवारी वॉर्डच्या सिस्टर त्याचं कॅन्टोनीज ऐकणार होत्या. जमलं नाही, तर परत परांचीवर. मी तिथेच औषधांच्या खिडकीत बसते.

मग रोज सकाळी बसमध्ये त्याची वही उघडायची. 'उपाशीपोटी आहात का?' 'हळूच कुशीवर वळा.' माझीच कॅन्टोनीज, पण त्याच्या देवनागरी लिपीत! मला एक अक्षर वाचता येईना, तरी त्या सुबक ओळींवरून नजर हलायची नाही. दिवसभर म्हातारी माणसं उचलायची आणि घरी जाऊन शब्द घोटायचे... मला त्याचं फार कौतुक वाटायचं. खरं सांगू? तो मला आवडायलाच लागला होता.

शब्द तोंडपाठ, आवाज मात्र मांजराच्या पिल्लाचा.

"आज्यांना ऐकू तरी येईल का?" मी दरडावलं. "उद्यापासून मी गप्प. तू ओरडायचंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही चार स्टॉप पुढे गेलो. उशिरा पोचले म्हणून इस्पितळात मी बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो असा ओरडला, की ड्रायव्हर म्हणाला, "अरे, बस फुटेल!"

शनिवारी मी त्याच त्या गोळ्या तिसऱ्यांदा मोजत होते. इतक्यात वॉर्डातून त्याचा आवाज घुमला, "आजी, कुठे दुखतंय?"

"आता कानात!" आजी खेकसल्या. सगळा वॉर्ड हसला, सिस्टरसुद्धा.

संध्याकाळी, पक्की नोकरी खिशात घालून, तो शेजारी बसला होता. त्याचा स्टॉप आला... गेला.

"अरे, विसरलास? ओरड ना!"

"विसरलो नाही." त्याचे कान लाल झाले. "आज तुझ्या स्टॉपवर उतरावं म्हणतोय... चालेल?"

मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. शेवटी मी त्याचा हात धरला.

माझा स्टॉप आला, तरी मी गप्पच.

"उतरायचंय!" तोच ओरडला. "दोघांना!"

ड्रायव्हरने हात वर केला.