दहा मिनिटं हात काढायचा नाही

टक टक केलं, खांबावरच्या पक्ष्यांच्या लाकडी पेटीचं दार उघडलं, आणि लोविनाच्या नाकासमोरून काहीतरी फडफडत गेलं. मग दुसरं. मग दोन एकदम!

"अगंबाई!" ती किंचाळलीच.

पिल्लं होती ती. निळ्या पक्ष्यांची, काकांच्या कुरणातल्या सहा नंबरच्या पेटीतली, अजून धड उडताही न येणारी चार पिल्लं... आणि आता चारही ओल्या गवतात कुठेतरी पडली होती. अंडी फुटल्यापासून बाराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नसते, पिल्लं घाबरून उड्या टाकतात, हे लोविना गावातल्या पोरींना दरवर्षी बजावायची. तिच्या घरट्यांच्या नोंदवहीप्रमाणे आज बारावा दिवस होता. पण त्या पंखांवर चक्क निळा रंग चढला होता! पंधरावा तरी नक्की. गोठ्यातलं मांजर दिवसभर इथेच फिरत असतं.

"हलू नकोस!" कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं. "पायाशी आहे एक!"

झालं! ॲटली. नेमका हाच यायचा होता! घोड्यांचे लगाम शिवायला वसंतात इंडियानाहून आलेला. महिन्यापूर्वी, रविवारी पोरंपोरी जमून भजनं गातात ती संपल्यावर, त्याने विचारलं होतं, "माझ्या बग्गीतून घरी सोडू का?" आणि आमच्या बाईसाहेब एक शब्द न बोलता भावाच्या बग्गीत जाऊन बसल्या. येत्या शनिवारी तो कायमचा इंडियानाला परत चालला होता. हे कळल्यापासून लोविना रोज रात्री शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होती.

ॲटली कुंपणावरून उडी मारून आला आणि थेट गुडघ्यांवर बसला. गवती हॅट उलटी करून त्याने पिल्लं गोळा करायला घेतली. डोक्यावर पिल्लांचा बाप चोच वाजवत झेपा घेत होता.

"एक... दोन... हे तिसरं. चौथं तुझ्या झग्याच्या घोळात आहे."

"तू तिकडे बघ आधी!"

"अगं, मी पिल्लाकडेच बघतोय."

"पिल्लू डावीकडे आहे!"

ॲटली कानापर्यंत लाल झाला.

एकेक करून चारही आत गेली. दार बंद झालं आणि लोविनाने पेटीच्या भोकावर तळहात दाबून धरला. "आता दहा मिनिटं हात काढायचा नाही," ती कुजबुजली. "अंधारात शांत होतात. पुन्हा उडाली तर... सापडायची नाहीत."

ॲटलीने हळूच आपला हात तिच्या हातावर ठेवला. "थरथरतोय तुझा."

"पिल्लं धडका देतायत."

"पिल्लं कधीच थांबलीत, लोविना."

तिने मान खाली घातली. पळून जावं तर हात काढता येईना!

"पण तुझी मोजणी चुकली कशी?" त्याने विचारलं. "तुझी वही तर सगळेजण प्रमाण मानतात."

"अंडी फुटायची होती, तेव्हा मी तीन दिवस इकडे आलेच नाही. मग आले, तेव्हा ती त्याच दिवशी फुटली असं समजून लिहिलं."

"का नाही आलीस?"

खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. "तू आमच्या तबेल्यात लगाम दुरुस्त करत होतास ना... ते तीन दिवस. मी माडीच्या खिडकीत बसून होते."

"तीन दिवस? मी एकदाही वर बघितलं नाही! मला वाटलं, तुला मी नकोच आहे. म्हणून तर चाललोय मी!"

"मग नको जाऊस!"

बोलून गेली आणि स्वतःच हादरली. हे आपण बोललो? आपण?

ॲटलीने पेटीला कान लावला. मग तो म्हणाला, "दहा मिनिटं झाली," आणि दोघांनी एकेक बोट करत हात काढले. भोकात एक चोच दिसली... थांबली... आत गेली. मादी चोचीत अळी घेऊन आली आणि भोकावर बसली. आत एकच कलकलाट झाला, पण बाहेर कुणी आलं नाही.

"राहिली!" लोविनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारही राहिली!"

"मीही राहतो," ॲटली म्हणाला. "रविवारी बग्गी घेऊन येतो. भावाला सांगून ठेव."

लोविना तिथेच, ओल्या गवतात, मटकन खाली बसली.

"अगं, हो की नाही ते तरी सांग!"

"हो," ती म्हणाली. "हो, हो, हो म्हटलं ना!"