तिसऱ्या अक्षराच्या आठ ओळी

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. ज्याच्या घरी हे झालं तो टीव्ही दुरुस्त करणारा माझा शाळेपासूनचा मित्र. थापा मारणं त्याला जमतच नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात.

मागल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्री सव्वादहाला तो दुकानातून एक जुना काचेचा टीव्ही घरी घेऊन आला. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या वहिनीने मागितला होता. आजची रात्र निघणं कठीण, असं डॉक्टर संध्याकाळीच सांगून गेले होते.

तेहतीस वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाने घरी कॉम्प्युटर आणला होता. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पेटीत, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. त्या यंत्राला आपली मराठी अक्षरं येत नसत, म्हणून भाऊ ती चौकटीच्या वहीत काढायचा. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरं. हवी ती घरं पेन्सिलने भरायची, त्यावरून त्या ओळीचा आकडा काढून समासात लिहायचा. सात लिहिताना मधून आडवी रेघ मारायची सवय होती त्याला. असे आठ आकडे यंत्राला दिले की एक अक्षर उमटे. बटण बंद केलं की सगळं पुसलं जाई.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. उद्या तुझं नाव टीव्हीवर दाखवतो, असं तो वहिनीला म्हणाला आणि त्याच रात्री यंत्रासमोर खुर्चीतच गेला. आमचा मित्र तेव्हा अठराचा. भावाला शॉक बसला असं वाटून त्याने आधी प्लग ओढला. वहिनी धावत आली तेव्हा पडदा काळा होता. वहीत तिच्या नावाची दोन अक्षरं होती, तिसऱ्याचं पान कोरं. वहिनीने त्याला कधी दोष दिला नाही. फक्त दर वर्षी त्या दिवशी विचारायची, माझं नाव पुरं झालं होतं का हो? त्याच्या काळजाला घरं पडायची. त्याने पडद्याकडे पाहिलंच नव्हतं.

तर नोव्हेंबरच्या त्या रात्री त्याने यंत्र माळ्यावरून काढलं, तिच्या पलंगासमोर मांडलं. वहीतले आकडे भरले. दोन अक्षरं उमटली. तिसरं स्वतः सुट्या कागदावर काढून पाहिलं, तर नुसता डाग. पुन्हा काढलं. पुन्हा डाग. शेवटी आठही आकडे शून्य केले, ती जागा कोरी केली आणि डोकं धरून बसला. जन्मभर लोकांचे टीव्ही नीट केले, आणि घरच्या माणसाला मरताना एक अक्षर देता येईना. तो रडला, असं त्यानेच मला सांगितलं.

दोन वाजून दहा मिनिटं.

कोऱ्या जागेत एक ओळ भरली.

त्याचे हात मांडीवर होते. वहिनीचा श्वास अडकला... मग सुरू झाला.

दुसरी ओळ. पुन्हा तसंच.

तिसरी... चौथी... दर ओळीनंतर श्वास उशिरा येत होता. सहाव्या ओळीला त्याला कळलं. त्याने झेप घेऊन प्लग धरला.

"भावजी," वहिनी म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती. "या वेळी तरी बंद करू नका."

...

सातवी.

त्याने हात काढून घेतला.

आठवी.

ती हसली म्हणतो. पुढचा श्वास आला नाही.

पहाटे त्याने वही उचलली. तिसऱ्या अक्षराचं पान भरलेलं होतं. समासात आठ आकडे. साताला आडवी रेघ. पेन्सिल बोटाला लागत होती. त्याने पान उलटलं. पुढचं पान इतकी वर्षं कोरं होतं. आता वर भावाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'धाकट्याचं नाव'. खाली दोन ओळी भरलेल्या.

त्याने वही माझ्याकडे आणून दिली. मी ती कपाटात कुलूप लावून ठेवलीय. आज इकडे येण्याआधी उघडून पाहिली. त्याला अजून बोललो नाही...

पहिलं अक्षर पुरं झालंय.

त्याचं नाव दोनच अक्षरी आहे.