आधीच ठरलेलं ऑपरेशन

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण माझ्या मावसबहिणीला खोटारडी म्हणू नका. ट्विला स्टॅम्परला खोटं बोलता आलं असतं, तर आज तिची नोकरी शाबूत असती.

गाव पूर्व केंटकीतलं, खाणींचं. नाव मुद्दाम सांगत नाही. नोव्हेंबरातला गुरुवार होता. आमच्याकडे तेव्हा सूर्य दुपार संपायच्या आत डोंगरामागे जातो. इस्पितळाच्या तळघरात तर तो मुळात येतच नाही.

त्या तळघरात बसून ट्विला बिलांना कोड लावायची. रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं तिच्याकडे. डॉक्टरने काय केलं ते वाचायचं आणि त्याला नेमून दिलेला आकडा लावायचा. विमा कंपनी माणूस बघत नाही, आकडा बघते.

त्या दिवशी तिच्यासमोर डेल्मर फुगेट आला.

म्हणजे त्याची फाइल आली. डेल्मरला पुरून पंधरवडा झाला होता. म्हातारा खाणकामगार, ट्विलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली म्हणून बायपास केली. ती बंद पडली. पुन्हा टेबलावर घेतलं... आणि तिथून तो उठलाच नाही.

अशा दुसऱ्या ऑपरेशनच्या आकड्याला एक शेपूट जोडावं लागतं. अठ्ठ्याहत्तर म्हणजे बिघडलं, म्हणून अचानक न्यावं लागलं. अठ्ठावन्न म्हणजे दुसरं ऑपरेशन आधीच ठरलं होतं. अठ्ठावन्न टाकलं की विमा पूर्ण पैसे देतो, आणि का बिघडलं म्हणून कुणी विचारत नाही.

डॉक्टरने दोन्हीपैकी काहीच लिहिलं नव्हतं. ट्विलाने त्याला रीतसर विचारलं होतं. विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही, असा या कामाचा दंडक. डॉक्टरने उत्तरच दिलं नाही.

उत्तर द्यायला आला ब्रेंट. तिचा साहेब.

"ट्विला, बाई माझे, अजून फुगेटलाच कवटाळून बसलीस? अठ्ठावन्न टाक आणि मोकळी हो."

"ठरलेलं होतं, असं कुठे लिहिलंय?"

"नव्हतं, असं तरी कुठे लिहिलंय?"

"तुझा बाप असता टेबलावर, तर हेच बोलला असतास?"

"माझा बाप नव्हता ना? मग झालं तर. आणि डेल्मर काय आता तक्रार करायला येणारे?"

स्वतःच्याच विनोदावर हसत तो गेला. पाचच्या आत काम हवं, असं दारातून ओरडला.

आणि मग...

हूश...

ट्विलाची मान वर झाली.

हूश... हूश...

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पायात रक्त वाहतंय का, ते ऐकायचं यंत्र असतं. नळी पायावर टेकवली की नाडीचा असा आवाज येतो. पूर्वी ती तपासणी भिंतीपलीकडच्या खोलीत व्हायची. पण यंत्रं कधीच वरच्या मजल्यावर गेली होती.

ती उठून बघून आली. खोलीला कुलूप. काचेतून दिसले ते नाताळच्या सजावटीचे खोके... बाकी काही नाही.

खुर्चीत बसली. तिच्या घराचे हप्ते होते, मुलीचं कॉलेज होतं. मनाशी म्हणाली, मरू दे. आणि अठ्ठावन्न टाइप केलं.

आवाज थांबला.

एकदम.

कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर नाही. वर चालणाऱ्या माणसांची पावलं नाहीत. काहीच नाही...

मग तिच्या डाव्या पायाला गारठा लागला. बोटांपासून वर चढत गेला. तिने बूट काढला, मोजा काढला. बोटं पांढरीफटक. चिमटा घेतला...

काहीच कळलं नाही.

दुसरी कुणी असती तर किंचाळत पळाली असती. ट्विलाचं डोकं फिरलं.

"माझ्यावर कसला राग काढतोस रे, डेल्मर?" ती भिंतीकडे बघून ओरडली. "मी चिरलं का तुला? जा ना वर, त्या डॉक्टरच्या उरावर बस!"

दातओठ खात तिने अठ्ठावन्न पुसलं आणि अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

हूश...

घोट्यात ऊब आली.

ब्रेंट परत आला. स्क्रीनवरचा आकडा वाचला. त्याचा चेहरा लाल झाला.

"शहाणी समजतेस स्वतःला? ऊठ तिथून!"

तो तिच्या खुर्चीत बसला. अठ्ठ्याहत्तर पुसून त्याने अठ्ठावन्न टाकलं आणि बिल पाठवून दिलं.

पुन्हा ती शांतता...

ब्रेंट मांडी चोळत उभा राहिला. "केवढा गारठा आहे इथे," म्हणाला. जाताना त्याचा डावा पाय फरपटत होता. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

ट्विला घरी गेली नाही. सरळ डेल्मरच्या बायकोकडे गेली. पेशंटची फाइल बाहेर फोडायची नाही, असा कायदा आहे. तिने तो मोडला.

आयना काकू शेगडीवर घेवड्याचं सूप ढवळत होत्या. ट्विलाने सगळं सांगितलं. आकडेही सांगितले. काकू रडल्या नाहीत. पळी खाली ठेवली.

"ठरलेलं होतं म्हणतात?"

"हो, काकू."

"अगं, त्या सकाळी मी त्याला माझ्या हाताने भरवलं. नर्सनेच ताट आणून दिलं. अंडी, वर ग्रेव्ही घातलेली मऊ, पावासारखी बिस्किटं. पोटभर जेवला, आणि मला म्हणतो, बूट घेऊन ये, घरी जायचंय. दुपारी पुन्हा टेबलावर नेला त्याला. ऑपरेशन ठरलेलं असतं, तर घोटभर पाणी तरी पिऊ दिलं असतं का गं त्या मेल्यांनी?"

पुढच्याच आठवड्यात, फाइल बाहेर फोडली म्हणून ट्विलाला कामावरून काढून टाकलं. काकूंनी वकील गाठला. वकील म्हणाला, ताटाची नोंद कुठेच नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलं नाही. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून विझलेली नाही.

ब्रेंट आता काठी घेऊन चालतो. तपासण्यांत काही सापडत नाही म्हणे. त्या भिंतीमागे काय होतं, ते मला ठाऊक नाही. ट्विला म्हणते, भूतबीत नव्हतं गं, चिडलेला माणूस होता.

असेल.

हे आज लिहायला बसले, त्याला कारण आहे. गेल्या महिन्यापासून माझ्या नवऱ्याचा पाय गार पडतोय. पुढच्या मंगळवारी बायपास आहे.

आमच्या भागात हे ऑपरेशन करणारा डॉक्टर एकच आहे.