हाताचा आडोसा

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात माझ्या भाजीसमोर उभा राहून तो फोनमध्ये ओरडत होता – "द टोमॅटो इज रेड! द टोमॅटो इज रेड!"

मी म्हटलं, "आहे लाल. मग? घ्यायचेत, का नुसती दवंडी पिटायचीय?"

दचकला बिचारा. "सॉरी हं बेन. हे इंग्लिश शिकवायचं अ‍ॅप आहे. इथल्या कलकलाटात माझं ऐकतच नाही."

"बेन कुणाला म्हणतोस रे? मराठी दिसतोस की चांगला!"

असा भेटला उत्कर्ष. छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. मी आठवीत शाळा सोडलेली, पण इंग्लिशची नड त्याच्यापेक्षा मलाच जास्त. इंग्लंडात, लेस्टरला राहणाऱ्या केयूरशी माझा साखरपुडा झाला होता. तिकडं जायला व्हिसा हवा, व्हिसाला इंग्लिश बोलायची परीक्षा. केयूरच्या घरच्यांनी तोंडावर सांगितलेलं – आधी पास, मग लग्न. बाबा तर अख्ख्या मार्केटला पेढे वाटून बसलेले.

"शिकवशील का मला?" मी विचारलं.

त्यानं तिथंच माझ्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं.

मग रोज सेकंड शिफ्टला जायच्या आधी यायचा. दुपारचं मार्केट पेंगत असायचं. कोबीच्या पोत्यांमागं आम्ही उभे. तरी एखादा हातगाडीवाला ओरडायचाच... की अ‍ॅप गोंधळायचं, लाल फुली मारायचं. शेवटी उत्कर्षनं युक्ती काढली. मी फोन धरायचा आणि त्यानं माझ्या तोंडाशी दोन्ही हातांचा आडोसा करायचा. ठिणग्यांनी बारीक बारीक पोळलेले हात ते. त्यांना लोखंडाचा वास... माझ्या बोटांना कोथिंबिरीचा.

"वेअर डू यू लिव्ह?" फोन विचारायचा.

"आय लिव्ह इन बडोदा."

टिंग! हिरवी खूण.

"राहून घे बडोद्यात," तो म्हणायचा. "मग मेमसाहेब होशील. ओळख दाखवशील ना आम्हाला?"

"टोमॅटो लाल असतो म्हणून बोंबलणारा दुसरा आहे कोण?"

हसायचा. हात मात्र काढायचा नाही. फोन केव्हाच गप्प झालेला असायचा... आणि मीही.

बाबा त्याला मेथीची जुडी फुकट द्यायचे. एकदा म्हणाले, "उत्कर्ष, पोरीला पास कर रे. तुझ्यावरच भिस्त आहे."

"करतो, काका."

तिथंच घात झाला. शब्द देऊन बसला ना वेडा.

परीक्षा अहमदाबादला होती. डेपोवर सोडायला आला. बाबा पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढीच काय ती संधी.

"उत्कर्ष... मी नापास झाले तर?"

"नाही होणार."

"अरे, पण मुद्दाम झाले तर?"

तो बसच्या पाटीकडं बघत राहिला. काय वाचत होता कोण जाणे.

"नुसतं एकदा म्हण," मी म्हटलं. "नापास हो, म्हण. मराठीत म्हण, नाहीतर गुजरातीत. तोंड शिवून बसते की नाही बघ तिथं."

त्याचे ओठ हलले. खरंच हलले... मी बघितलेत.

आणि मागून बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय मास्तर, तयारी झाली ना आमच्या मोहनाची?"

"एकदम पक्की, काका." माझ्याकडं बघितलं नाही. मग बघितलं... तसं बघणं देवानं कुणाच्या वाट्याला देऊ नये. "चांगलं बोल हं," एवढंच म्हणाला.

वाटभर ठरवत होते. त्यानं म्हटलं नाही तर नाही, मीच गप्प बसेन. पण गप्प बसले असते तर बाबा त्याला काय म्हणाले असते? बाबांसमोर त्याची मान खाली गेली असती. ती मी खाली घालायला लावायची?

परीक्षेची खोली गारठलेली, जाड दाराची. आवाज म्हणून नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "वेअर डू यू लिव्ह?"

आणि माझा हात आपोआप वर गेला. तोंडाशी आडोसा करून बसले मी... माझाच हात, कोथिंबिरीच्या वासाचा.

बाई हसल्या. म्हणाल्या, हात काढा, इथं कसलाच आवाज नाही. इंग्लिशमध्ये म्हणाल्या. मला सगळं कळलं.

काढला.

"आय लिव्ह इन बडोदा."

स्वच्छ ऐकू गेलं त्यांना. पास झाले.