लाल शाई नसलेले पान

"माझ्या आजोबांना दुसऱ्यांदा मारलंय," घड्याळजी म्हणाला, "आणि तेही जिवंत ठरवून."

भावोजींचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. वहिनींनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

दारावरची 'खासगी चौकशा' ही पाटी वहिनींची. चित्रकलेचे मास्तर असलेले त्यांचे दीर निवृत्तीनंतर चार दिवसांसाठी म्हणून आले आणि धंद्यात मुरले. विचार वहिनींनी करायचा आणि शंका भावोजींनी काढायच्या, अशी वाटणी आपोआप झाली होती.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"सत्तरएक वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, इथल्या नदीत नाव बुडाली. पलीकडच्या तेलगिरणीत कामाला जाणारी माणसं होती. आईचे वडील त्या गिरणीत कारकून. त्यांचा देह सापडला नाही. आता धक्क्यावर शिळा बसतेय, बुडालेल्यांच्या नावांची. पाथरवट उद्या सकाळी छिन्नी लावणार. आणि समितीच्या चिटणीसांनी आजोबांचं नाव यादीतून काढलं."

"कशावरून?"

"त्याच वर्षीच्या जनगणनेवरून. मोजणी मार्चमधली, म्हणजे नाव बुडाल्यानंतरची. त्यात आजोबा घरात आहेत. कुटुंबप्रमुख म्हणून."

"मग वाचले असतील की," भावोजी आनंदाने म्हणाले.

घड्याळजीने त्यांच्याकडे असे पाहिले, जसे तो पाण्यात पडलेल्या घड्याळाकडे पाहत असावा. "वाचले असते तर आजीनं आईला एकटीनं वाढवलं नसतं. चिटणिसांचं त्यावर म्हणणं असं. वाचले, काही दिवस घरात लपले आणि संसार टाकून पळाले. आजीनं लाजेपोटी बुडाले म्हणून सांगितलं. आई ऐंशीच्या घरात आहे, ताई. बुडालेल्या बापाची मुलगी म्हणून ती आयुष्यभर जगली. आता टाकून दिलेली मुलगी म्हणून मरायचं का तिनं?"

वहिनींच्या डोळ्यांत ती ओळखीची ठिणगी पडली. "भावोजी, चहा राहू द्या. चपला घाला."

*

घड्याळजीच्या दुकानामागे एक खोली होती. भिंतीवरची दहा घड्याळे दहा वेगळ्या वेळा सांगत होती, आणि त्या साऱ्या काळांच्या मधोमध त्याची आई ताठ बसली होती.

"या माझ्या बापाला शोधणार का?" तिने मुलाला विचारले. "आणि हे कोण?"

"मी यांचा दीर," भावोजी म्हणाले.

"ते दिसतंच आहे. पिशवी तुमच्या हातात आहे."

वहिनींनी हसू आवरले. "आजी, वडिलांचं काय आठवतं तुम्हाला?"

म्हातारीने डोळे मिटले. घड्याळांची टिकटिक तेवढ्यात पावसासारखी दाट झाली. "चेहरा नाही आठवत. आवाज नाही. एक खेळ आठवतो. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसले, तोंड गंभीर करून, आणि मला चक्क 'आपण' म्हणाले. 'आपलं वय काय?' मी म्हटलं, साडेसहा. म्हणाले, 'साडे चालत नाही.' मी भोकाड पसरलं. मग हसले. 'बरं बाई,' म्हणाले, 'आपण म्हणाल तसं.' बस. एवढाच बाप आला माझ्या वाट्याला."

"गिरणीतून आल्यावर घरीच असायचे?"

"आई सांगायची, त्या हिवाळ्यात संध्याकाळी घरात पाय ठरत नव्हता त्यांचा. गल्लीभर हिंडायचे. चिटणीस त्याचाही अर्थ लावतील आता."

"शेजारी कोण होतं?"

"नावाडी. भिंतीला भिंत. त्याच्याच नावेत गेले बाबा. तो दुसऱ्या दिवशी काठाला मिळाला. त्याच्या बायकोला रडायला देह तरी मिळाला."

"आणि मार्चमध्ये मोजणीदार आला तेव्हा तुमच्या आईनं त्याला काय सांगितलं?"

"कोण मोजणीदार? नाव बुडाल्यावर आमच्या दारात परकं माणूस आलेलं मला तरी आठवत नाही."

वहिनी उठल्या. दुकानाबाहेर पडताना त्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होत्या, हे भावोजींनी चिंतेने टिपले.

*

चिटणीस निवृत्त वकील होते. त्यांच्या बैठकीत पुस्तकेसुद्धा साक्षीदारासारखी सरळ उभी होती.

"तुम्ही विचारण्याआधीच सांगतो," ते म्हणाले. "बुडालेली नाव माझ्या आजोबांच्या मालकीची होती."

भावोजींनी वहिनींना कोपर मारले. ते चिटणिसांनाही दिसले.

"एक नाव कमी कोरल्यानं आमच्या घराण्याचा कलंक धुतला जाणार नाही, मास्तर. माझी मान खालीच आहे. म्हणूनच यादी चोख हवी. उद्या कुणी म्हणायला नको की बुडवणाऱ्याच्या नातवानं शिळेवर खोटं कोरलं."

"नोंद तुम्ही स्वतः पाहिली?" वहिनींनी विचारले.

"त्या घराची नोंद दप्तरखान्यातून रीतसर उतरवून आणली. पती, पत्नी, मुलगी. खाली तपासनिसाची सही. तुम्ही म्हणाल, काळ्या शाईतली नोंद पहिल्या फेरीची, जानेवारीतली. मान्य. पण मार्चच्या मोजणीच्या रात्री पुन्हा घरोघर जायचं आणि मधल्या काळात गेलेल्या माणसावर लाल रेघ ओढायची, असा नियम होता. या नोंदीवर रेघ नाही. त्याचा अर्थ, त्या रात्री त्या दारात कुणीतरी म्हणालं, 'आहेत.' पत्नी म्हणाली असेल, नाहीतर तो स्वतः."

"आणि मी दुसरा अर्थ दाखवला तर?"

"तर नाव कोरीन. पण पुरावा लागेल. पाझर फुटून चालणार नाही."

रस्त्यावर येताच भावोजींचा बांध फुटला. "वहिनी, लिहून ठेवा, हाच तो. गोड बोलतोय. लाल रेघ यानंच खरवडली असणार."

"शाई खरवडली की कागद सोलला जातो, भावोजी. जाऊन पाहू. आणि एवढ्या मोठ्यानं बोलू नका, त्यांची खिडकी उघडी आहे."

*

दप्तरखान्यात जुन्या कागदांचा तो वास होता, वाळलेल्या पानांचा आणि बंद पेटीचा. दप्तरदार गप्पिष्ट होता. दिवसभर मेलेल्या माणसांत बसलेल्याला जिवंत श्रोता मिळाला की होते तसे त्याचे झाले.

"अहो, तेव्हा पगारी मोजणीदार कुठले? प्रत्येक गल्लीत जो लिहिणारा सापडेल त्याच्या गळ्यात काम. स्वतःची नोकरी सांभाळून, संध्याकाळी. जानेवारीत सावकाश पहिली फेरी, काळी शाई. मार्चमध्ये एका रात्रीत दुसरी, लाल शाई. मेला, गेला, त्याच्यावर रेघ. जन्मला, पाहुणा आला, तो लाल अक्षरात वाढवायचा. वीसेक गल्ल्यांवर एक तपासनीस. त्यानं सगळी पानं गोळा करायची आणि सही ठोकायची."

त्याने खंड उघडला. पानामागून पान उलटू लागले. प्रत्येक गल्लीच्या पानावर लाल रेघा, लाल बाळे, लाल पाहुणे. कुंकवाचा हात कागदावर झटकावा तसे.

मग ते पान आले.

भावोजींच्या तोंडून दादच निघाली. "काय अक्षर आहे. वर्गाच्या भिंतीवर लावावं. आणि अख्ख्या पानावर लाल डाग म्हणून नाही. याला म्हणतात टापटीप."

वहिनींनी पान खिडकीच्या उजेडात तिरके धरले. "कागद सोललेला नाही. काही खरवडलेलं नाही. आता वाचा, भावोजी. घर, धंदा, आणि लिहिता-वाचता येतं का."

"घर पहिलं, विणकर, येत नाही. दुसरं, हमाल, येत नाही. तिसरं, तेली, नाही. चौथं, सुतार, नाही. सहावं, नावाडी, वय बेचाळीस, नाही..."

"पाचवं?"

"पाचवं मध्ये नाहीच. सातवं, आठवं, नववं, सगळे नाही नाही. हां, पाचवं शेवटी टाकलंय. विसरला असेल बिचारा. पाचवं, कारकून, वय एकतीस, येतं. पत्नी, सव्वीस. मुलगी..." भावोजी थांबले. "हे बघा, इथं चुकला. बाकी सगळी वयं पूर्ण वर्षांत आहेत, आणि इथं साडेसहा."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि पुढच्याच क्षणी हसल्या, अशा की दप्तरदार दचकला.

"नक्कल हवी. ओळीची नको, आख्ख्या पानाची, शिक्क्यासकट. भावोजी, धावा. चिटणीस, पाथरवट, घड्याळजी, त्याची आई, सगळे धक्क्यावर. आजच."

"पण झालं काय?"

"मुलगी साडेसहा वर्षांची झाली, भावोजी. पळा."

*

उतरत्या उन्हात नदी शांत होती, जणू तिने आयुष्यात कुणाचे काही घेतले नव्हते. शिळा लाकडी ओंडक्यांवर आडवी होती. म्हातारी खुर्चीत, घड्याळजी तिच्या मागे, पाथरवट हात पुसत उभा. चिटणीस घड्याळ पाहत होते. धापा टाकणाऱ्या भावोजींचे काळीज मात्र पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी उडायचे तसे उडत होते.

"वकीलसाहेब," वहिनींनी नक्कल उघडली, "तुमच्या यादीत नावाडी आहे?"

"पहिलाच. त्याचा देह मिळाला होता. त्यात वादच नाही."

"मग ही सहाव्या घराची ओळ वाचा."

चिटणिसांनी चष्मा लावला. वाचले. पुन्हा वाचले. "नावाडी... वय बेचाळीस..." त्यांचा आवाज खाली आला. "रेघ नाही."

"दहन झालेला माणूसही या पानावर जिवंत आहे. तुम्ही एकाच घराची नोंद उतरवून आणलीत, म्हणून तेवढं एकच घर खोटारडं दिसलं. आता पान पाहा. जानेवारी ते मार्च या आख्ख्या गल्लीत कुणी मेलं नाही, जन्मलं नाही, कुणाकडे पाहुणा आला नाही. भावोजी याला टापटीप म्हणाले."

"म्हणालो," भावोजींनी कबूल केले.

"अशी गल्ली जगात नसते. लाल शाई नाही, कारण मोजणीच्या रात्री या गल्लीत कुणी फिरकलंच नाही. आजींना मार्चमधला मोजणीदार आठवत नाही, ते यामुळं. तपासनिसानं आपली मान सोडवायला जानेवारीचं पान तसंच घेतलं आणि सही ठोकली. त्या रात्री 'आहेत' असं कुणी म्हणालं नाही. कुणी विचारलंच नव्हतं."

"मान्य," चिटणीस सावकाश म्हणाले. "म्हणजे या पानावरून ते जिवंत ठरत नाहीत. पण बुडालेही ठरत नाहीत. आणि मोजणीदार का आला नाही? न जाणं गुन्हा होता."

"तेच तर." वहिनी एक पाऊल पुढे आल्या. "गल्लीत जो लिहिणारा असेल तो मोजणीदार. या गल्लीत लिहिता-वाचता येणारा माणूस किती? एक. पाचव्या घरातला कारकून."

घड्याळजीने आईच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"संध्याकाळी त्यांचा पाय घरात ठरत नव्हता, कारण ते घरोघर माणसं मोजत होते. चार झाल्यावर पाच यायला हवं, पण त्यांनी स्वतःचं घर ओलांडलं आणि सगळ्यात शेवटी लिहिलं. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, तसं. आणि सरकारी नियम मोडून एकाच माणसाचं वय साडेसहा लिहिलं, कारण त्या माणसानं भोकाड पसरलं होतं."

म्हातारी खुर्चीत पुढे सरकली.

"आता वकिलासारखा विचार करा. पळून जाणारा माणूस, घरात लपून बसलेला, आपलं नाव जिवंत ठेवील? तो स्वतःवर पहिली लाल रेघ ओढील, पान त्याच्याच हातात होतं. आणि जो जिवंत होता, कामाचा इतका चोख होता, तो त्या रात्री गल्लीत फिरला असता. शेजारच्या नावाड्यावर तरी रेघ आली असती. एकच माणूस ती ओढू शकत होता, आणि तो नावाड्याबरोबर नावेत होता. तुम्ही म्हणता, हे पान त्यांना जिवंत ठरवतं. मी म्हणते, ते बुडाले याचा याहून मोठा पुरावा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्यांना मोजणारा गेला, तेव्हा तो गेला हे लिहायला मागं कुणी उरलं नाही."

पाण्यावरून एक बगळा खालच्या खाली गेला.

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. मग ते म्हातारीसमोर वाकले. "माझ्या घरानं तुमचा एकदा अपराध केला होता. काल मी दुसऱ्यांदा केला. चूक झाली, आजी."

"वकील ना तुम्ही," म्हातारी म्हणाली. "मग आख्खं पान वाचत जा."

तिने नक्कल मांडीवर घेतली. बोट कागदाला न टेकवता ओळीवरून फिरवले: काना, मात्रा, वेलांटी, साडेसहाचा तो डौलदार आकडा. "हे अक्षर त्यांचं?"

"त्यांचं," वहिनी म्हणाल्या.

"मी पहिल्यांदा पाहतेय." ती खूप वेळ पाहत राहिली. "एकतीसचं पोर होतं हो. माझा मुलगा त्यांच्याहून म्हातारा झाला."

चिटणिसांनी यादी काढली आणि पेनाचे टोपण उघडले. "नाव सांगा, आजी. मी लिहितो."

"तुम्ही नका," म्हातारी म्हणाली आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

पाथरवट, वकील, घड्याळजी, कुणालाच घाई नव्हती. जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलीसारखी, तिने एकेक अक्षर जोडत वडिलांचे नाव यादीत लिहिले, आणि भावोजी त्यातली प्रत्येक वेलांटी श्वास रोखून पाहत राहिले.