एक वीत आणि दोन बोटं

"मोना, पाय मागे घे! खूण पुसशील," असं म्हणत अंतराने हातमोजा काढला आणि उघडा पंजा थेट बर्फावर टेकवला.

तिच्या धाकट्या बहिणीने, मोनाने, निमूटपणे पाय मागे घेतला. पावणेअकराला सुचित्रामावशीची उडी होती, सगळी गर्दी टेकडीपाशी जमली होती, आणि ही बया पार्किंगच्या मागे बर्फावर वीत टाकत बसली होती. मावशीचा मुलगा नकुल तर वैतागून गेला होता.

बारा वर्षांची अंतरा फेब्रुवारीच्या सुट्टीत जर्सी सिटीहून रेडमंडला मावशीकडे आली होती ती याच दिवसासाठी. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या तिच्या मावशीने पंचविशीपर्यंत बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या ग्लासात. आता ती आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायची आणि शनिवारी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरसायकल, घेऊन कॅस्केडच्या डोंगरात जायची. सहा वर्षं ती शिकत होती, पडत होती, पुन्हा चढत होती. आज क्लबच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर तिची पहिली मोठी उडी होती. अंतराला तिचा एवढा अभिमान होता, की शाळेत तिने मावशीबद्दल सांगून सांगून मैत्रिणींचे कान किटवले होते.

स्नोमोबाइलला पुढे चाकांऐवजी दोन लांबट स्की असतात आणि मागे रुंद रबरी पट्टा. ती बर्फावरून गेली की मधे पट्ट्याची खूण उमटते आणि दोन्ही बाजूंना स्कीची एकेक रेघ. गिरीशकाकांनी, म्हणजे नकुलच्या बाबांनी, सकाळी गाडी ट्रेलरवरून उतरवून टेकडीपर्यंत नेली होती. त्या खुणा ताज्या बर्फावर लख्ख दिसत होत्या.

"उजवीकडे पट्ट्यापासून स्कीपर्यंत एक वीत," अंतरा म्हणाली. "डावीकडे एक वीत आणि दोन बोटं."

"So what? गाडी वळली असेल," नकुल म्हणाला.

"म्हणून तर सरळ जागी मोजलं. तीनदा. तिन्ही वेळा तेच आलं."

आता मात्र नकुलही वाकून खुणा बघू लागला. गाडी नेताना बाबा पुटपुटले होते, की ती डावीकडे ओढतेय. उतारामुळे असेल म्हणून त्यांनी विषय सोडून दिला होता. आणि मग त्याला काल दुपारचं गॅरेज आठवलं, तसं त्याने ते दोघींना सांगितलं.

उडीसाठी दोन स्कीमधलं अंतर किती ठेवावं, यावर गिरीशकाका आठवडाभर वाचत होते. जेवताना त्यांनी मुलांना काट्याचमच्यांनी समजावूनही दिलं होतं. अंतर कमी असलं तर खोल बर्फात गाडी पटकन कुशीवर झुकते आणि तिरक्या उतारावर छान चालते. अंतर जास्त असलं तर खाली आदळताना ती डगमगत नाही. प्रत्येक स्कीच्या बोल्टवर दोन जाड कड्या असतात. त्या बाहेरून काढून आतल्या बाजूला घातल्या, की ती स्की तेवढी बाहेर सरकते. काल काकांनी डाव्या स्कीच्या कड्या बदलल्या आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. कुठला तरी सर्व्हर बंद पडला होता. तास-दीड तासाने काका परतले ते डोक्यात सर्व्हर घेऊनच. त्यांनी पाना पेटीत टाकला, फोनवरच्या यादीत टिक केली आणि गॅरेज बंद केलं.

"म्हणजे एकच स्की बदलली," मोना हळूच म्हणाली. "मावशी खाली आदळल्यावर काय होईल?"

"गाडी एका बाजूला उलटेल!" अंतरा ओरडली. ती पळतच सुटली होती.

मावशी दोराच्या पलीकडे हेल्मेट चढवून इतर चालकांबरोबर सूचना ऐकत होती. तिथे मुलांना कुणी सोडेना. काका दोराच्या अलीकडे होते, पण कानाला फोन. सर्व्हरने आजही काही त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. अंतराने सगळं सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, यादीत टिक आहे ना! मी स्वतः केलंय," फोनवर हात ठेवून ते म्हणाले आणि पुन्हा मीटिंगमध्ये बुडाले.

साडेदहा वाजले होते. अंतरा अगदी रडकुंडीला आली होती. तेवढ्यात नकुलचे डोळे चमकले.

"बाबांना काहीही सहन होतं," तो कुजबुजला, "चुकीचा आकडा सोडून."

तो जाऊन बाबांच्या शेजारी उभा राहिला आणि मोनाला मोठ्या आवाजात धडा देऊ लागला. स्की जवळ असतात तेव्हा अंतर चाळीस इंच, लांब असतात तेव्हा पस्तीस. काकांची भुवई वर गेली. मोनानेही साळसूदपणे मान डोलावली आणि पस्तीस, पस्तीस असं घोकायला सुरुवात केली. काकांनी फोन म्यूट केला.

"काय पस्तीस? लहान अंतर छत्तीस, मोठं एकोणचाळीस."

एकच स्की सरकली म्हणजे अर्धाच फरक, असा नकुलने मनात हिशेब केला. "पण बाबा, तुमच्या गाडीचं साडेसदतीस आहे."

"शक्यच नाही!"

"मग मोजून दाखवा."

काका तरातरा पार्किंगमागे गेले, खिशातून टेप काढला आणि वाकून एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत धरला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा धरला. साडेसदतीस. फोनमधून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. त्यांनी फोन बंद केला आणि पोट सांभाळत, धापा टाकत ते दोराकडे धावले. नकुलने बाबांना असं धावताना जन्मात पाहिलं नव्हतं.

क्लबच्या वयस्कर प्रमुखांनी मावशीची उडी सगळ्यांच्या शेवटी ठेवली. मावशी आली, गाडीशेजारी आडवी झाली आणि तिने दोन्ही बोल्ट हाताने चाचपले. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे बदलायचं कुणी ठरवलं?"

"मी," काका पडेल आवाजात म्हणाले. "तुला सरप्राइज..."

"उडी मी मारणार, गिरीश, आणि सरप्राइज तू देणार?"

एवढंच बोलून ती अंतराला घेऊन उडीनंतर गाडी जिथे टेकते तिथे गेली आणि तिला बर्फावर टाच मारायला सांगितली. सकाळपासून इतरांच्या गाड्या आदळून बर्फ घट्ट झाला होता, टाच रुतलीच नाही. मऊ बर्फ असता तर आपण छत्तीसच ठेवलं असतं, मावशीने समजावलं, पण या कडक जमिनीवर एकोणचाळीसच बरं. म्हणजे काकांचा विचार बरोबर होता, कामच अर्धं होतं! मावशीने उजव्या स्कीच्या कड्या स्वतः बदलल्या, अंतराने टेप धरला, आणि सावकाश एक फेरी मारून मावशीने खात्री करून घेतली.

मग ती निघाली. इंजिन गरजलं, गाडी चढावरून सुसाट वर गेली आणि तिने जमीन सोडली. निळ्या आकाशात मावशी गाडीवर उभी होती, गुडघे किंचित वाकलेले, नजर पुढे. एवढ्या उंचीवर इतकं शांत कुणी कसं राहू शकतं, हे अंतराला कळेना. गाडी खाली आली. दोन्ही स्की एकदम टेकल्या, बर्फाचा फवारा उडाला आणि त्यातून मावशी सरळ रेषेत बाहेर पडली. सगळी टेकडी टाळ्यांनी दणाणून गेली.

काकांनी प्रमुखांकडून माइक मागून घेतला आणि उशीर आपल्या चुकीमुळे झाला, ती चूक या तीन मुलांनी पकडली, हे सगळ्यांना सांगितलं. प्रमुखांनी टोपी काढून तिघांशी हात मिळवला. इतकी वर्षं आपण गाड्या तपासतोय, पण बर्फातली खूण वाचायचं आपल्याला सुचलं नव्हतं, असं ते म्हणाले.

मावशी हेल्मेट काखेत मारून आली. "सहा वर्षांत आज पहिल्यांदा मी स्वतः बोल्ट बघितले नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत, म्हणून मी उभी आहे." तिने तिघांनाही जवळ ओढलं, आणि सकाळपासून धीराने वागलेली अंतरा एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

"अगं वेडाबाई, मी पडले नाही ना?"

"म्हणूनच," अंतरा म्हणाली आणि तिने मावशीला आणखी घट्ट धरलं.